फरशीला टाकी

पुखराजने घरात नवी फरशी घातली त्याला तीन महिनेही झाले नव्हते, तोच त्याची आई झमकूबाई तिच्यावरून घसरून पडल्या.

साल अडुसष्ट. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. दोंडाईच्याच्या पेठेत मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. पुखराजचं मिरचीचं दुकान पुढे, घर त्याच्या मागे आणि घराच्या मागे छोटं अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी. झमकूबाईंचे यजमान दलिचंदजी होते तोवर त्या न्हाणीत काळा खडबडीत दगड होता. अंग घासायला वेगळी वजरी लागू नये, इतका खडबडीत. पुखराजला तो बरा दिसेना. मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून दिवाळीआधी त्याने ओसरीपासून न्हाणीपर्यंत शहाबादी फरशी घातली आणि तिला असं पॉलिश करवलं, की वाकलं तर आपलं तोंड दिसावं. अख्खी गल्ली ती फरशी बघायला येऊन गेली. मुलीचं लग्न ठरलं, ती मार्गशीर्षात सासरी गेली, फरशी राहिली.

पडायला कितीसा वेळ लागतो? बघणारा म्हणेल, डोळ्याचं पातं लवायच्या आत पडली. झमकूबाईंना मात्र फार वेळ लागल्यासारखा वाटला. आधी त्यांना हातातला तांब्या दिसला, तो सावकाश वर निघालेला. मग छताजवळचा झरोका, झरोक्यातलं ऊन, उन्हात तरंगणारी साबणाची वाफ. आपण कुठे चाललो आहोत हे त्यांना कळेना आणि त्याचं भयही वाटेना. मग खालून फरशी आली. तांब्याचा आवाज त्यांनी खूप उशिरा ऐकला, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरात तो पडला होता.

सून चंद्रकांता धावत आली. पुखराजने ओळखीची जीप आणली, मागे गादी घातली आणि आईला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला. कमरेच्या हाडाला बारीक चीर होती. "नशीब, खुबा शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "सहा आठवडे पडून राहायचं. मग चालायचं. चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील, हे ध्यानात ठेवा."

सहा आठवडे झमकूबाई ओसरीलगतच्या खोलीत पलंगावर होत्या. चंद्रकांताने त्यांचं सगळं केलं. तोंड धुण्यापासून भांडं देण्यापर्यंत सगळं. ती वाकली की झमकूबाई डोळे मिटून घेत. चौदाव्या वर्षी लग्न होऊन मारवाडातून या घरात आल्या, तेव्हापासून त्यांनी कुणाकडून पाण्याचा पेलाही उचलून घेतला नव्हता. आता सुनेसमोर असं उघडं पडावं लागे. चंद्रकांता काही बोलत नसे, तेही त्यांना लागे.

फाल्गुनात त्या उठल्या. डाव्या हातात काठी, उजवा हात भिंतीवर. चार पावलं, मग आठ. पुखराज दुकानातून येऊन बघून गेला आणि म्हणाला, "बघ बाई, झालीस की नाही खडखडीत?" मुलं आईला त्या घरात बाईच म्हणत. झमकूबाई हसल्या.

पण पलंगापासून न्हाणी एकवीस पावलांवर होती. मध्ये दोन उंबरे, अंगणात उतरायची एक पायरी, आणि मग ती फरशी. चंद्रकांताने काळजीने तिच्यावर गोणपाट अंथरलं. तिसऱ्याच दिवशी पहाटे ते गोणपाट ओल्या फरशीवरून पायासकट सरकलं. झमकूबाईंनी दाराची चौकट धरली म्हणून निभावलं. किती तरी वेळ त्या चौकटीला मिठी मारून उभ्या राहिल्या. मग त्या तशाच परत आल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा भांडं आलं असतं.

त्या दिवसापासून त्यांनी पाणी तोडलं.

ठरवून नव्हे. सकाळी पेला तोंडाला लावला, की एकवीस पावलं डोळ्यांपुढे उभी राहत आणि पेला अर्ध्यातच खाली ठेवला जाई. रात्रीचं जेवण त्यांनी जन्मभर वर्ज्य केलेलं होतं, जैनांच्या घरात त्यात नवल नाही. पाणी मात्र त्या रात्री घेत. आता म्हणाल्या, "मी चौविहार करते." सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. घरच्यांना बरं वाटलं, दुखण्यातून उठून म्हातारीचं मन धर्माकडे लागलं. चैत्र लागला तशी तलखी वाढली आणि दिवसाही न्हाणीत जायचा प्रश्न येऊ लागला. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता एकासणं करते." दिवसातून एकदाच बसायचं, त्याच बैठकीत जेवायचं आणि त्याच बैठकीत काय ते पाणी प्यायचं. उठलं की संपलं.

एकासणं सोपं नाही. त्यातून खानदेशचा चैत्र. शेजारच्या पानबाईंनी ही गोष्ट जैन स्थानकात सांगितली आणि बायका दुपारच्या साता, म्हणजे तपाला बसलेलीची खुशाली, विचारायला येऊ लागल्या. पानबाई झमकूबाईंच्याच वयाच्या, कपड्याच्या दुकानवाल्यांच्या घरातल्या. पन्नास वर्षांचा शेजार. त्या पलंगाशी बसत, झमकूबाईंचे पाय हातात घेत आणि बाकीच्यांना सांगत, "बघा, कमरेचं हाड मोडलं तरी तपाला बसली. आपल्याच्यानं होईल का?" सुना-लेकी वाकून पाया पडत. झमकूबाई हात उचलत, काही पुटपुटत.

एकच गोष्ट कुणाला माहीत नव्हती. व्रत घ्यायचं तर सकाळी पच्चक्खाणाचा पाठ म्हणायचा असतो. झमकूबाई भिंतीकडे तोंड करून बसत, हात जोडत, ओठ हलवत. पण पाठ त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नाही. माणसांशी खोटं बोलणं वेगळं, व्रताच्या पाठात मात्र त्यांची जीभ वळत नसे. तेव्हा व्रत नव्हतंच. नुसती तहान होती.

आणि तहानेचंही एक गाव असतं. पहिले काही दिवस घसा जळाला, डोकं ठणकलं. मग जळणं मागे पडलं आणि एक हलकेपणा आला. दुपारी दुकानातला गलका, हमालांची हाळी, मिरचीच्या खकाण्याने येणाऱ्या शिंका, सगळं दूर दूर जाई. पलंग जमिनीपासून वीतभर उचलला गेल्यासारखा वाटे. बाहेरच्या फरशीवर ऊन पडलं, की तिचं पाणी होई. निळसर, थंड, काठोकाठ. त्यात झमकूबाईंना आपल्या माहेरचा तलाव दिसे. काठावर खेजडीची झाडं, पायऱ्यांवर घागरी, आणि आई ओंजळीने पाणी उडवते आहे. "ये ना झमकू," आई म्हणे. त्या म्हणत, "कशी येऊ? मध्ये पायरी आहे." आई हसे. दलिचंदजीही एकदा आले. धोतर वर खोचून त्या फरशीतून असे चालत गेले, जणू गुडघाभर नदीतून. वळून बघितलंसुद्धा नाही. झमकूबाईंना वाईट वाटलं नाही. त्यांना वाटलं, पलीकडे काही काम असेल.

एका सकाळी त्यांनी चंद्रकांताला आपल्या मुलीच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "तू सासरहून कधी आलीस?" चंद्रकांता थबकली. रात्री तिने पुखराजला सांगितलं. तो म्हणाला, "वय झालं. तपाने माणूस थोडं हरवल्यासारखं होतंच." चंद्रकांताला ते पटलं नाही. सासूच्या लघवीला वास येऊ लागला होता, जागेवरून उठताना त्या कण्हत होत्या, हे धुणं धुणाऱ्या बाईलाच कळतं. पण तपाला बसलेल्या बाईला पाणी प्या म्हणायचं, म्हणजे पाप कुणाच्या माथी?

वैशाखात एके दिवशी सकाळी गल्लीत हाळी आली. "जातं टाकी ल्या वं माय, पाटा टाकी ल्या!"

भिकुबाई आली होती. वर्षातून दोनदा यायची. खांद्यावर झोळी, झोळीत छिन्नी नि हातोडी. गुळगुळीत झालेल्या जात्याला, पाट्याला टाकी मारून परत खरखरीत करून द्यायची. पूर्वी एकेका गल्लीत तिचे चार-चार दिवस जात. आता पिठाच्या गिरण्या झाल्या, जाती कोपऱ्यात गेली, उरले मसाल्याचे पाटे. साठी तिनेही केव्हाच ओलांडली होती. चंद्रकांताने तिला ओसरीत बसवलं आणि पाटा पुढ्यात टाकला. पुखराज त्या दिवशी कामासाठी धुळ्याला गेला होता.

टक्, टक्, टक्. झमकूबाईंच्या तलावात कुणी तरी खडे टाकू लागलं. प्रत्येक खड्याबरोबर एक वलय उठे, काठावर येऊन विरे. मग एक खडा फार जवळ पडला आणि त्यांनी डोळे उघडले. दारातून भिकुबाईची वाकलेली पाठ दिसत होती. हात अगदी एका लयीत वर-खाली होत होता, दगडाच्या कणांचा बारीक धुरळा तिच्या केसांवर बसला होता.

"पानी दे वं माय, घसा कोरडा पडी गया," भिकुबाईने आत हाक दिली.

चंद्रकांताने लोटा आणून दिला. भिकुबाईने मान मागे टाकून, वरून धार धरून, एका दमात तो रिकामा केला. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. झमकूबाई बघत राहिल्या. पाणी पिण्यात बघण्यासारखं एवढं काय असतं? पण त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

भिकुबाईने तोंड पुसलं आणि आत पाहिलं. "शेटानी माय, तू पडनी व्हती म्हने? आते बरं शे ना?"

"बरं आहे," झमकूबाई म्हणाल्या. आवाज फाटका निघाला.

भिकुबाई उठून दाराशी आली. तिने झमकूबाईंचे भेगाळलेले ओठ पाहिले, खोल गेलेले डोळे पाहिले. "तू बी पे ना पानी."

"माझं एकासणं आहे, भिकुबाई."

"ते काय व्हस?"

चंद्रकांताने सांगितलं. भिकुबाई ऐकत उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "मनी सासू बी पडनी व्हती. विहीरना दगडवर. उठनी, चालाले लागनी. पन तवपशी तिनी पानीच सोडी दिधं."

"व्रत होतं?" चंद्रकांताने विचारलं.

"कसानं व्रत! भ्याव. पानी पेवो म्हंजे उठनं पडी, उठनं म्हंजे पडनं पडी. कोनले बोलनी नही. तिना कोनी पाया बी पडनं नही." भिकुबाई हसली, पण ते हसणं टिकलं नाही. "चार दिनमा तिले मी कोन ते बी समजे ना. माले म्हने, तू कोन शेस वं?"

चंद्रकांताने सासूकडे पाहिलं. झमकूबाई छताकडे बघत होत्या आणि त्यांच्या कानशिलावरून पाणी वाहत उशीत जात होतं.

"मग?" त्यांनी विचारलं. "वाचली का ती?"

"नही वाचनी," भिकुबाई म्हणाली. "माले उशिरा समजनं."

झमकूबाईंनी मान वळवली. आयुष्यात एखादीच वेळ अशी येते, की बोलणं सोपं होतं, कारण समोरचं माणूस आपल्यापैकी नसतं. पानबाईंना त्या हे कधीच सांगू शकल्या नसत्या.

"माझंही व्रत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी पच्चक्खाण घेतलंच नाही. एक दिवससुद्धा नाही. मला त्या फरशीचं भय वाटतं."

चंद्रकांता मटकन खाली बसली. सासूच्या पायाशी, पलंगाला टेकून. आणि सासूला वाटलं ते काहीच ती बोलली नाही. ना रागावली, ना हसली. ती म्हणाली, "मीसुद्धा दोनदा सरकले आहे तिथे, सासूजी. एकदा उकळत्या पाण्याचा हंडा होता हातात. यांनी एवढ्या हौसेने घातली, म्हणून बोलले नाही."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बावीस वर्षं एका घरात राहत होत्या, पण अशा बघितल्या नव्हत्या.

भिकुबाई तोवर अंगण ओलांडून न्हाणीत गेली होती. तिने गोणपाट पायाने बाजूला लोटलं, उघडा तळवा फरशीवर फिरवला आणि तिथूनच ओरडली, "हाई फरशी शे का आरसा शे वं? हाईवर तं माशी बी सरकी पडी!" मग दारात येऊन म्हणाली, "जाताले दात काढस, तसाच हाईले काढी देसू. पाय धरी ठेवी अशी करी देसू. सांग, माय."

चंद्रकांता चपापली. "नको नको. यांना विचारल्याशिवाय नको. नवी फरशी आहे."

झमकूबाई उठून बसल्या. डोकं गरगरलं, खोली एकदा पूर्ण फिरून जागेवर आली. या घरातली एक वीटसुद्धा त्यांनी आपल्या शब्दाने कधी हलवली नव्हती. आधी सासऱ्यांनी ठरवलं, मग नवऱ्याने, मग मुलाने. वाईट कुणी वागलं नाही, फक्त विचारलं नाही.

"चंद्रकांता, आधी मला पाणी दे," त्या म्हणाल्या. "मग मला तिथे घेऊन चल. भिकुबाई, मार टाकी."

पाणी त्यांनी घोट घोट घेतलं. दोन पेले. घशातून उतरणारी थंड रेघ त्यांना छातीपर्यंत, पोटापर्यंत कळत गेली. चंद्रकांताने न्हाणीच्या दाराशी पाट मांडला. झमकूबाई त्यावर भिंतीला टेकून बसल्या आणि भिकुबाईने हातोडी उचलली.

पहिला घाव बसला तेव्हा चंद्रकांताने डोळे मिटून घेतले. पॉलिशवर पांढरा ठिपका उमटला, तांदळाच्या दाण्याएवढा. मग दुसरा. मग ओळ. भिकुबाई कोपऱ्यापासून दारापर्यंत ओळी धरत गेली, जात्याच्या तळीवर असतात तशा. वेळ कसा गेला झमकूबाईंना कळलं नाही. दुपारचं ऊन झरोक्यातून तिरकं आलं, धुरळ्यात सोनेरी होऊन थांबलं. त्या ठिपक्यांचं त्यांना कधी चांदणं वाटे, कधी पाखरांच्या पायांचे ठसे, कधी लहानपणी वाळूत पडलेले पावसाचे थेंब. त्या पेंगत होत्या आणि जाग्याही होत्या. पण आता हे स्वप्न अंगाला चिकटलेलं होतं. त्याला दगडाचा वास होता, आवाज होता. मधूनच भिकुबाई डोळे चोळे. एकदा कण डोळ्यात गेला तेव्हा झमकूबाईंनी तिला जवळ बोलावलं, पापणी उलटून पदराच्या टोकाने तो काढला. "माय, तुना हात हलका शे," भिकुबाई म्हणाली.

"तुझा जड असू दे," झमकूबाई म्हणाल्या. "पायरीलाही मार."

पायरीलाही टाकी झाली. चंद्रकांता आतून जाड चऱ्हाट घेऊन आली, मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीला बांधायचं. खोलीच्या दारापासून न्हाणीच्या चौकटीपर्यंत भिंतीतल्या खुंट्यांना तिने ते ताणून बांधलं, कमरेच्या उंचीवर. गोणपाट उचलून दुकानात परत नेऊन टाकलं.

संध्याकाळी पुखराज आला. पाय धुवायला न्हाणीकडे गेला आणि तिथूनच त्याचा आवाज आला. "हे कुणी केलं?" "चंद्रकांता! कुणी नासवली ही फरशी?"

"मी," झमकूबाई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्यात दोर. "ओरडायचं तर माझ्यावर ओरड. आणि आणखी एक ऐक, पुखराज. माझं एकासणं वगैरे काही नव्हतं. मला न्हाणीत यायचं भय वाटत होतं, म्हणून मी पाणी पीत नव्हते."

पुखराज हातात चपला घेऊन तसाच उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, बाजारात ज्याच्या शब्दाला किंमत. त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुला फरशी फार आवडली होती," त्या म्हणाल्या. यात टोमणा नव्हता. तसंच होतं ते.

तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. जेवायला बसे, उठे. चंद्रकांताने धुळ्याच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हटलं, तेव्हा मात्र लगेच जीप आणली. डॉक्टरांनी लघवी तपासली, गोळ्या दिल्या आणि पुखराजकडे बघून म्हणाले, "दिवसाला दहा पेले पाणी. हाड तर जुळलं होतं, पण तुम्ही यांना तहानेनं घालवलं असतं." तिसऱ्या दिवशी सकाळी पुखराज कौतिक लोहाराला घेऊन आला. न्हाणीत दोन्ही बाजूंना भिंतीत धरायला आडवा लोखंडी नळ बसवला. कौतिकने नळाला धरून झोका घेतल्यासारखं लटकून दाखवलं. पुखराजने पायताण काढलं, फरशीवर बादलीभर पाणी ओतलं आणि स्वतः त्यावर चालून बघितलं. तीनदा. मग दुकानात गेला.

खरा अवघड भाग पुढेच होता. दुपारी बायका आल्या. पानबाई पलंगाशी बसल्या, पाय हातात घेऊ लागल्या, तेव्हा झमकूबाईंनी पाय मागे ओढले.

"पानबाई, माझ्या पाया कुणी पडू नका. मी तप केलेलं नाही." आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पच्चक्खाणासकट.

बायकांमध्ये कुजबुज झाली. पानबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी स्थानकात सगळ्यांना सांगत फिरले ते..." वाक्य पुरं न करता त्या उठल्या. जाताना उंबऱ्यावर थांबल्या, काही तरी म्हणतील असं वाटलं, पण गेल्या. बाकीच्याही एकेक करून गेल्या.

आठ-दहा दिवस कुणी फिरकलं नाही. झमकूबाईंना ते जड गेलं. पण त्याच दिवसांत त्यांच्या अंगात हळूहळू माणूस परत येत होतं. सकाळी उठल्यावर त्यांना वार आठवे. चंद्रकांताला त्या चंद्रकांताच म्हणत. तलाव दुपारी अजून दिसे, पण आता त्या झोपेत असल्या तरच. पहाटे दोर धरून त्या स्वतः जात. अनवाणी तळव्याला ते खडबडीत दाणे लागत आणि त्यांना गुदगुल्या होत. एकदा त्या एकट्याच हसल्या.

मग एक दिवस, पेठ जेवायला गेलेली असताना, पानबाई एकट्या आल्या. रागाचं काही बोलल्या नाहीत. इकडचं तिकडचं झालं. शेवटी त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि लुगडं जरासं वर केलं. नडगीवर मोठा काळानिळा डाग होता.

"कधी?" झमकूबाईंनी विचारलं.

"परवा. आणि त्याआधी होळीला. सुनांना सांगितलं, पलंग लागला." पानबाई खाली बघत होत्या. "ती टाकीवाली पुन्हा कधी येते?"

भिकुबाई नशिराबादकडे लेकीकडे गेली होती. ज्येष्ठाच्या सुरुवातीला परत आली, तेव्हा चंद्रकांताने तिला गल्लीच्या तोंडाशीच गाठलं. पानबाईंनी अट घातली होती, झमकूबाई जातीने आल्या तरच. घरच्यांना त्यांनी समजवायचं. तेव्हा चार महिन्यांनी झमकूबाई पायी घराबाहेर पडल्या. एका बाजूला काठी, एका बाजूला चंद्रकांता. गल्ली ओलांडायला चाळीस पावलं. ऊन असं पांढरं होतं, की घरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. त्यांना वाटलं, आपण पुन्हा त्या हलक्या गावात आलो की काय. त्यांनी पाय जमिनीवर दाबून पाहिले. धूळ तापलेली होती, चटका बसला. त्या चालत राहिल्या.

पानबाईंच्या सुनांना त्यांनी काय सांगितलं ते फार नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "मी पडले. मग भ्याले. मग मरणार होते. तुमची सासू दोनदा पडली आहे." थोरली सून तोंडावर पदर धरून ऐकत राहिली. मग तिनेच न्हाणीतली बादली आणि घंगाळ उचलून बाहेर ठेवलं.

भिकुबाई दोन तास बसली होती. पानबाई आणि झमकूबाई दाराशी दोन पाटांवर. टाकीच्या तालावर दोघी पेंगल्या, मध्येच जाग्या झाल्या, कुठल्याशा जुन्या लग्नातल्या फजितीवर हसल्या, पुन्हा पेंगल्या. काम संपलं तेव्हा भिकुबाईने छिन्नी झोळीत टाकली आणि उठायला गेली. उठता येईना. गुडघे धरले होते.

"थांब," झमकूबाई म्हणाल्या. काठी भिंतीला टेकवून त्यांनी हात पुढे केला.

"अगं, दोघी पडाल!" पानबाई ओरडल्या आणि घाईने स्वतःच उठून त्यांनी झमकूबाईंची कंबर धरली. भिकुबाईने तो हात पकडला. तिचा तळवा दगडाच्या पिठाने माखलेला, खरबरीत. क्षणभर तिघीही डुलल्या, एक इकडे, एक तिकडे. चंद्रकांता धावली, पण तिला काही करावं लागलं नाही. ओली फरशी पायांखाली घट्ट होती. भिकुबाई उभी राहिली, कण्हली, मग हसायला लागली आणि तिचं हसणं दोघींना लागलं.

त्या उन्हाळ्यात भिकुबाईने गल्लीतल्या सात घरांना टाकी मारली. दोन घरांत तर टाकी मारायला पाटाही नव्हता, फक्त न्हाणी होती.